भाताचे तूस आणि कारखान्याचे पाणी

भात भरडायला गिरणीवर नेले की तीन जिनसा हाती येतात. तांदूळ, कोंडा आणि तूस. तांदूळ आपल्या पानात येतो. कोंडा गुरांच्या आंबोणात जातो. तुसाला मात्र कोणी फारसे विचारीत नाही. शंभर किलो भात भरडले तर वीस किलोच्या आसपास तूस निघते. गिरणीमागे त्याचा ढीग पडतो. कोणी ते वीटभट्टीला नेतो, कोणी बंबात घालतो, कोणी जाळून त्याची राखुंडी करतो.

ह्याच तुसावरून आमच्या रात्रीच्या वर्गात एकदा मोठी बोलाचाली झाली. आम्ही दोघे शिकवायला असतो. त्या दिवशी पाटीवर जोडाक्षरे चालली होती. एका मावशींनी मध्येच विचारले,

"गुरुजी, तूस पाणी साफ करतं म्हणे?"

"कोणी सांगितलं, मावशी?"

"नाक्यापलीकडच्या प्लेटिंगवाल्याकडं पोरगा कामाला आहे ना, त्यानं. त्यांनी पिंपात तूस भरलंय. त्यातनं कारखान्याचं पाणी सोडतात. जुनं झालेलं तूस फुकट देतात. मी तीन पोती आणली, वाळवली. एक बंबात घातलं. उरलेलं विहिरीत सोडावं म्हणते. पाणी साफ होईल."

मावशींच्या बोलण्यात एक गोष्ट खरी होती आणि दुसरी फार धोक्याची होती. खरी अशी की, तूस कारखान्याच्या पाण्यातला धातू धरून ठेवते. आम्ही विचारले, "बंबातल्या राखेचं काय केलंत?"

"काय करायचं? भांडी घासली. थोडी चाळून राखुंडी केली."

आम्ही जोडाक्षरे पुसली. त्या रात्री आणि पुढच्या दोन रात्री जे बोलणे झाले, तेच ह्या धड्यात लिहिले आहे.

आधी प्लेटिंग म्हणजे काय ते पाहू. पूर्वी कल्हईवाला दारावर यायचा. तांब्यापितळेचे भांडे तापवून त्याला आतून कथलाचा पातळ थर द्यायचा. प्लेटिंग हीही थर देण्याचीच रीत आहे, पण ते काम टाकीत, विजेच्या जोरावर होते. नळाची तोटी चकाकते, सायकलचे हँडल चकाकते, ती चकाकी निकेल आणि क्रोमियम ह्या धातूंची असते. टाकीतून वस्तू बाहेर काढली की ती धुवावी लागते. एकदा नाही, दोनतीनदा. वस्तूला लागून आलेले टाकीतले रसायन ह्या धुण्याच्या पाण्यात उतरते, आणि त्याबरोबर धातूही उतरतो. असे पाणी दिवसाला हजारो लिटर निघते.

आता धातू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे खिळा येतो, पातेले येते. तो पाण्यात असेल तर दिसायला नको का? वर्गात हीच शंका निघाली. तिचे उत्तर आम्ही देण्याआधी सुपारीच्या बागांत फवारणी करणाऱ्या एका दादांनी दिले. कोळेरोगावर ते मोरचूद आणि चुना ह्यांचे बोर्डो मिश्रण मारतात. ते म्हणाले, "मिश्रण झालं की आम्ही विळ्याचं पातं त्यात बुडवून बघतो. पात्यावर तांबूस चढलं तर समजायचं, चुना कमी पडलाय. मग अजून चुना घालायचा."

आम्हाला जे समजावायला अर्धा तास लागला असता, ते दादांनी एका दमात सांगितले. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. तो पाण्यात विरघळला की तांबे पाण्यात मोकळे होते. डोळ्यांना तांबे दिसत नाही, नुसते निळे पाणी दिसते. लोखंडी पाते बुडवले की तेच तांबे पात्यावर येऊन बसते. चुना पुरेसा असला तर तो तांब्याला आधीच धरतो. तांब्याचा निळा साका होतो, पाण्यात मोकळे तांबे उरत नाही, आणि पाते स्वच्छ राहते. (कोणाला करून पाहायचे असेल तर काचेच्या जुन्या बाटलीत करावे. मोरचूद विषारी आहे. घरातला पेला त्यासाठी वापरू नये आणि हात चांगले धुवावेत.)

कारखान्यांतून धातूचे पाणी साफ करण्याची जुनी रीत हीच आहे. पाण्यात चुना घालायचा, धातूचा साका खाली बसवायचा, वरचे पाणी काढून घ्यायचे. क्रोमियमसाठी मात्र आधी एक पायरी लागते. प्लेटिंगच्या पाण्यात क्रोमियम पिवळ्या रूपात असते. हे रूप फार विषारी. अंगावर उडाले की जखमा होतात, त्याची वाफ नाकात जात राहिली तर नाकाच्या पडद्याला भोक पडते, आणि वर्षानुवर्षे ते श्वासातून गेले तर फुप्फुसाचा कर्करोग होतो. हे रूप नुसत्या चुन्याला दाद देत नाही. आधी पाणी आंबट करून त्यात हिराकस किंवा तसेच दुसरे रसायन घालावे लागते. मग पिवळ्याचे हिरवे क्रोमियम होते. ते पुष्कळ कमी विषारी असते आणि चुन्याने खाली बसते.

मग तूस कशाला हवे? चुना बहुतेक धातू खाली बसवतो, पण थोडा अंश पाण्यात राहतोच. हा 'थोडा' किती चालतो, ते सरकारने ठरवून दिले आहे. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात पिवळे क्रोमियम लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. पिण्याच्या पाण्यात तर सगळे क्रोमियम मिळून ०.०५ मिलिग्रॅम एवढीच मर्यादा आहे. आकडा लहान आहे, म्हणून तो टँकरने मोजू. दहा हजार लिटरचे दोन टँकर भरून पाणी घ्या. त्यात एक ग्रॅम क्रोमियम टाकले की ती मर्यादा गाठली. त्यावर आणखी एक चिमूट पडली तर ते पाणी पिण्याच्या कामाचे नाही.

असा विखुरलेला, शेवटचा अंश पकडायला चुना अपुरा पडतो. तेथे तुसासारखा जिन्नस उपयोगी येतो. एकटे तूसच नव्हे. उसाची चिपाडे, भुईमुगाची फोलपटे, नारळाची सोडणे, बाभळीची साल, लाकडाचा भुसा, ह्या सगळ्यांवर आपल्या देशात आणि परदेशांत पुष्कळ प्रयोग झाले आहेत. शेतातला हा टाकाऊ माल स्वस्त असतो आणि गावोगाव मिळतो. धातू धरण्याचा गुण ह्या साऱ्यांत कमीअधिक आहे.

तूस धातूला धरते कसे? अशी कल्पना करा की तुसाच्या अंगावर बारीक बारीक खुंट्या आहेत. इतक्या बारीक की कोणत्याही भिंगातून दिसू नयेत. ह्या खुंट्या रिकाम्या नसतात. कुठे चुन्याचा कण टांगलेला असतो, कुठे आंबटपणाचा कण. शिशाचा, तांब्याचा किंवा कॅडमियमचा कण पाण्यातून येतो, खुंटीवरच्या कणाला ढकलतो आणि आपण तेथे बसतो. पाणी पुढे जाते. धातू मागे राहतो.

पण पाणीच फार आंबट असेल तर? मग त्यात आंबटपणाचे कण इतके असतात की साऱ्या खुंट्या त्यांनीच अडवलेल्या असतात. निकेल, तांबे, शिसे ह्यांना जागा मिळत नाही. पिवळ्या क्रोमियमची तऱ्हा अगदी उलटी. ते चांगल्या आंबट पाण्यातच तुसाला चिकटते, आणि चिकटता चिकटता त्यातले पुष्कळसे हिरवे होते. तेव्हा निकेलचे पाणी आणि क्रोमियमचे पाणी एकाच पिंपात ओतून 'तूस काय ते बघून घेईल' म्हणणे म्हणजे बैल आणि रेडा एका जुवाला जुंपणे झाले.

तुसाच्या अंगावर वाळूच्या जातीचा एक कठीण थर असतो. तूस जाळल्यावर वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा राख उरते, ती मुख्यतः ह्याच जिनसाची. म्हणून तर राखुंडी दातांना खरखरीत लागते. हा थर काही खुंट्या झाकून टाकतो. तूस कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवून धुतले की त्यातला बराच भाग निघून जातो आणि झाकलेल्या खुंट्या उघड्या पडतात. आपल्याकडच्या एका प्रयोगात साध्या तुसाने किलोमागे साडेआठ ग्रॅमच्या आसपास कॅडमियम धरले. सोड्यात धुतलेल्या तुसाने वीस ग्रॅमच्या आसपास धरले.

आता थोडा हिशेब करू. पाटी घ्या. कारखान्याचे दिवसाचे पाणी दहा हजार लिटर धरा. त्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम कॅडमियम आहे असे समजा. म्हणजे दिवसाला एक किलो धातू. साधे तूस किलोमागे आठ ग्रॅम धरते असे मानले, तर रोज सव्वाशे किलो तूस लागेल. सव्वा क्विंटल! महिन्याचे किती झाले ते तुम्हीच मांडा, आणि ते वापरलेले तूस ठेवणार कोठे तेही सांगा. आता हेच पाणी आधी चुन्याने साफ केले आणि लिटरमागे १ मिलिग्रॅम उरले, तर दिवसाला दहाच ग्रॅम धातू पकडायचा राहिला. हिशेबाने सव्वा किलो तूस पुरे. खरे पाहता पातळ पाण्यातून तूस पूर्ण ओझे उचलीत नाही, म्हणून कितीतरी जास्त धरावे लागते. तरी ते क्विंटलाच्या घरात जात नाही. तेव्हा आधी चुना आणि मागून तूस, हाच क्रम.

आणखी एक गोष्ट. साऱ्या खुंट्या भरल्या की तूस थांबते. पिंपातून पाणी पहिल्यासारखेच नितळ येत राहते, पण आता त्यात धातू असतो. डोळ्यांना काही फरक कळत नाही. म्हणून खालच्या पाण्याचा नमुना वरचेवर प्रयोगशाळेत तपासावा लागतो. तूस स्वस्त आहे, तपासणी स्वस्त नाही. 'स्वस्तात पाणी साफ' असे कोणी सांगितले, तर तपासणीचा खर्च त्यात धरला आहे का, एवढे आधी विचारावे.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे त्या कारखान्यात गेलो. मालक काही वाईट माणूस नव्हता. त्याने आम्हाला चहा दिला आणि पिंपही दाखवले. चुन्याचा खर्च आणि गाळ उचलण्याचा खर्च वाचावा म्हणून त्याने तो सगळा खटाटोप बंद केला होता. निकेलचे आणि क्रोमियमचे पाणी एकत्र करून थेट तुसात सोडले होते. तूस न धुता भरले होते, म्हणून सुरुवातीला तपकिरी पाणी आले. ते पाहून त्याला वाटले की घाण निघते आहे. तो रंग तुसाचाच होता. पाण्याची तपासणी केली नव्हती. वापरलेले तूस गावात वाटले, कारण, त्याच्याच शब्दांत, "तूसच तर आहे. शेतातनंच आलेलं."

आम्हाला त्याच्या ह्या वाक्याचा राग आला, आणि लगेच हेही वाटले की मावशींनीही अगदी तोच विचार केला होता. तूस ओळखीचे असते, म्हणून त्याची भीती वाटत नाही. त्याने धातू पाण्यातून काढला खरा, पण तो नाहीसा केला नाही. धातू सडत नाही, जळत नाही. पाण्यातला धातू तुसात आला. तूस बंबात घातले, तर तो राखेत आला. त्यात क्रोमियमची खोड अशी की, भट्टीत किंवा चुलीत हवेबरोबर जळताना हिरव्याचे काही प्रमाणात पुन्हा विषारी पिवळे रूप होऊ शकते. ती राख भांड्यांना लागली. तिचीच राखुंडी दातांना लागली. आणि तूस विहिरीत पडले असते, तर पाण्यात आंबटपणा किंवा क्षार कमीजास्त होताच खुंट्या सुटून तोच धातू पाण्यात आला असता. कारखान्यात तूस पुन्हा वापरायचे असेल तेव्हा मुद्दाम हेच करतात. आम्लाने धुऊन खुंट्या मोकळ्या करतात आणि त्या थोड्याशा आम्लात दाट झालेला धातू परत मिळवतात.

फेकलेला धातू किती वर्षे पाठ सोडत नाही, हे तामिळनाडूत राणीपेटला दिसले. तेथे क्रोमियमची रसायने करणारा एक कारखाना १९९० नंतरच्या दशकात बंद पडला. आवारात टाकलेला गाळाचा ढीग मात्र राहिला. कारखान्याचा भोंगा वाजायचा थांबला तरी पावसाबरोबर क्रोमियम जमिनीखालच्या पाण्यात उतरतच राहिले.

वर्गात कोणीतरी म्हणाले, "पाणी नाही प्यायलं म्हणजे झालं की!" त्यांना आम्ही जपानची गोष्ट सांगितली, कारण तो आपल्यासारखाच भात खाणारा मुलूख आहे. तेथे तोयामा नावाच्या भागात जिन्झू नदी वाहते. वरच्या अंगाला जस्ताच्या खाणी होत्या. खाणीच्या सांडपाण्यातून कॅडमियम नदीत आले, नदीतून पाटाने भातशेतात आले, शेतातून भाताच्या दाण्यात आले. वर्षानुवर्षे तो भात खाऊन, ते पाणी पिऊन माणसांची मूत्रपिंडे बिघडली, हाडे ठिसूळ झाली. सर्वांत जास्त भोगले ते वय उतरलेल्या, पुष्कळ बाळंतपणे झालेल्या बायकांनी. नुसत्या खोकल्याने बरगड्या मोडत. दुखण्याला लोकांनी नाव दिले 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. हा रोग कॅडमियमच्या प्रदूषणाने होतो, असे जपानच्या सरकारने १९६८ साली मान्य केले. लोक कोर्टात गेले आणि जिंकले. पण शेतांतली बिघडलेली माती सुधारण्याचे काम संपायला २०१२ साल उजाडले. कोर्टाचा निकाल १९७२ साली कायम झाला होता. मधली वर्षे मोजून पाहा.

मावशी ही गोष्ट ऐकून बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग माझ्या विहिरीचं काय? ती नाल्याच्या खालच्याच अंगाला आहे."

आम्ही त्यांना खरे तेच सांगितले. पाणी उकळून धातू जात नाही. उलट पाणी आटते आणि धातू तेवढाच राहतो. तुरटी फिरवली तर पाणी नितळ दिसेल, पण धातू गेला असे म्हणता येणार नाही. घरी माठात तूस भरून पाणी गाळणे हाही उपाय नाही, कारण तूस कधी भरले ते घरी कळायचा मार्ग नाही. तुसाचे काम कारखान्याच्या आत, सांडपाणी बाहेर पडण्यापूर्वी. विहिरीसाठी एकच रस्ता: नमुना तपासायला द्यायचा, आणि अहवाल येईपर्यंत ते पाणी प्यायचे नाही, स्वयंपाकालाही घ्यायचे नाही. तसा अर्ज वर्गातच लिहिला. एक प्रत ग्रामपंचायतीला, एक प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला. सह्या अकरा झाल्या, अंगठा एकाचाही नाही. मावशी सध्या वरच्या आळीतून पाणी भरतात. चढ आहे, दोन खेपा होतात. त्यांचे गुडघे दुखतात, हे त्या आम्हाला रोज ऐकवतात.

मालकाने माणूस पाठवून घरोघरची पोती परत नेली. पाच घरांतून मिळाली, दोन घरांत तूस जळून गेले होते. तेथली राख तोंडाला ओले फडके बांधून, आधी पाणी शिंपडून, हळूच भरून घेतली. मावशींनी राखुंडीचा डबाही देऊन टाकला, नुसती राखुंडी नव्हे, डब्यासकट. धातूचा असा गाळ, असे तूस २०१६ च्या नियमांप्रमाणे धोकादायक कचरा ठरतो. तो शेतात, नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकता येत नाही. रायगड जिल्ह्यात तळोजे येथे अशा कचऱ्यासाठी बांधलेली जागा आहे. तेथे पाठवण्याचा खर्च मालकाचा. तो देताना त्याने तोंड वाकडे केले, पण दिला. चुन्याची टाकीही पुन्हा सुरू केली. तुसाचे पिंप त्यामागे ठेवले आहे. आता ते क्रमाने चालले आहे का, ते पाण्याचा अहवाल सांगेल.

गाडी येईपर्यंत पोती कारखान्याच्या छपराखाली ठेवायची होती. कोणी पुन्हा उचलून नेऊ नयेत म्हणून त्यांवर काही लिहायला हवे होते. मालक म्हणाला, रंगारी बोलावतो. मावशी म्हणाल्या, "रंगारी कशाला? आम्ही लिहितो." मग वर्गातल्या तिघींनी लाल रंगाचा डबा आणि कुंचा घेऊन एकेका पोत्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले: 'विषारी. जाळू नये. गुरांखाली घालू नये.' मावशींच्या पोत्यावरचा 'षा' थोडा तिरका झाला आहे. पण लांबून वाचता येतो.